एमजीबी बांधायची तर पत्रा आधी, इंजिन शेवटी

आपल्याकडे एमजी म्हटलं की आता हेक्टर आठवते. पण तो अष्टकोनी बिल्ला जगभर पोचवला तो एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने. १९६२ ते ऑक्टोबर १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून उघडी रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचं लोखंडी बी-सीरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती आणि वजन साधारण ९२० किलो. आज हे आकडे साधे वाटतात. पण १९६३ च्या ल मांच्या शर्यतीत हीच गाडी सुरुवातीला वाळूत रुतली, चालकाने ती खणून बाहेर काढली आणि चोवीस तास संपले तेव्हा ती बाराव्या नंबरवर होती. १९६६ मध्ये न्युर्बर्गरिंगवरची ८४ तासांची शर्यत तर तिने जिंकलीच.

जुनी स्पोर्ट्स कार स्वतःच्या हाताने बांधायची असेल तर मी आजही एमजीबीच सुचवतो. रचना सरळ आहे आणि बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, हाताला लागतं. जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीने मूळ डाय वापरून अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. पुण्याहून नोकरीसाठी ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्री-गेडनकडे आलेल्या आपल्या वाहन अभियंत्यांपैकी कोणाला शनिवार-रविवारसाठी प्रकल्प हवा असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आहेच. भारतात बसून वाचणाऱ्यांनाही कामाचा क्रम उपयोगी पडेल, कारण तो कुठल्याही जुन्या गाडीला लागू होतो.

तो क्रम असा: पत्रा, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग आणि मग इंजिन. बहुतेक जण उलटं करतात. इंजिन हा सगळ्यात आकर्षक भाग, म्हणून आधी पैसे तिथे जातात. मग १२० अश्वशक्तीचं इंजिन गंजलेल्या सांगाड्यात बसतं आणि गाडी वळणावर पिळवटते. आधी कळस मग पाया, असं हे काम होतं.

कोणती गाडी घ्यायची

ऑक्टोबर १९६४ नंतरची घ्या. त्याआधी क्रँकशाफ्टला तीनच मेन बेअरिंग होती, नंतर पाच झाली. पाच बेअरिंगचं इंजिन जास्त ताण सोसतं. १९६७ च्या शेवटी आलेल्या मार्क टूमध्ये चारही गिअरना सिंक्रोमेश (गिअर न खडखडता पडण्याची सोय) मिळाला, मागचा अ‍ॅक्सल मजबूत ट्यूब पद्धतीचा झाला आणि डायनामोच्या जागी ऑल्टरनेटर आला. १९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर बसवले आणि गाडी इंचभर उंच केली. त्याच सुमारास पुढचा अँटी-रोल बारही काढला. हा बार १९७७ च्या मॉडेलपासून परत आला. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या गाड्या वळणावर जास्त झुकतात, आणि म्हणूनच स्वस्त मिळतात. सस्पेन्शन आपण बदलणारच असू तर रबरी बंपरची धडधाकट बॉडी ही क्रोम बंपरच्या सडक्या बॉडीपेक्षा कधीही चांगली.

बघायला जाताना चुंबक आणि जॅक सोबत न्या. दाराखालच्या आडव्या पत्र्याला, म्हणजे सिलला, चुंबक लावून बघा. पुट्टी असेल तिथे तो धरत नाही. मग मालकाची परवानगी घेऊन बाजूच्या जॅकिंग पॉइंटखाली जॅक लावा, हळू उचला आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघा. गाडी वर जाताना ती फट आवळत गेली तर आतलं पोलाद गेलेलं आहे. इंजिन कितीही गोड वाजत असो, भाव त्या फटीवर ठरवा. सिलवर बाहेरून नुसतं झाकण वेल्ड केलंय का, तेही वाकून बघा. पुढच्या चाकामागची चिखल साचणारी जागा, सीटमागचे बॅटरीचे खण आणि मागच्या पाट्यांचे हँगर बघायला विसरू नका.

कागदपत्रं

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक वर्गात रोड टॅक्स लागत नाही. मोठे बदल केलेले नसतील तर गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणारी वार्षिक एमओटी चाचणीही माफ आहे. इंजिनाचा प्रकार किंवा बॉडीची रचना बदलणार असाल तर आधी डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याचे चालू नियम वाचा. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी घ्या. एमओटी माफ असली तरी मी ती करून घ्यायला सांगेन. बांधून झालेली गाडी परक्या नजरेखालून गेलेली बरी. मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि बांधणीची तारीख हवी असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं.

भारतातलं गणित वेगळं आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांवरच्या वाहनाला 'व्हीए' मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर ती विंटेजमध्ये बसत नाही. शिवाय गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. त्यामुळे मुंबई-पुण्यात कोणाकडे जुनी एमजी असेल तर बदल फक्त बोल्टने बसणारे आणि परत काढता येणारे करा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवा.

सिल: सगळ्यात मोठं काम

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडीच सांगाडा आहे, आणि रोडस्टरला टप नसल्यामुळे पुढचा-मागचा भाग जोडून धरण्याचं बरंचसं काम या दोन सिल करतात. प्रत्येक सिलमध्ये तीन थर असतात: आतला सिल, मधला उभा पत्रा आणि बाहेरचा सिल. खालून त्यांना कॅसल रेल नावाची घडीची पट्टी जोडते. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या विंगच्या आतपर्यंत जातो. म्हणून पुढची विंग बोल्ट काढून उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे टाळून सिल बदलून देतो म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

बॅटरी आणि ऑल्टरनेटर सोडवा. पेट्रोलची टाकी आणि नळ्या पूर्ण उतरवा. नुसती टाकी रिकामी करून भागत नाही, वाफ राहते. आतलं कार्पेट, सीट, पट्टे बाहेर काढा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

गाडी सपाट जमिनीवर, पुढे क्रॉसमेंबरखाली आणि मागे अ‍ॅक्सलखाली आधार देऊन उभी करा, म्हणजे वजन जिथे रोज पडतं तिथेच पडेल. दारं जागेवरच राहू द्या. दाराची फट पुढे, मागे आणि खाली, तीन-तीन ठिकाणी मोजून पत्र्यावरच मार्करने लिहून ठेवा. मग दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा आधार वेल्ड करा. तो आतल्या बाजूने असा बसवा की दार लावता-उघडता येईल. हा आधार लागला की मगच कापायला घ्या, आणि एका वेळी एकच बाजू.

कारखान्याचे स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या स्पॉट-वेल्ड ड्रिलने फोडा. वरचाच थर कापला गेला पाहिजे, खालचा शाबूत राहायला हवा. नव्या पत्र्याच्या कडेला तेवढ्याच अंतराने भोकं पाडा, जुळणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर लावा आणि क्लँप करा. आता वेल्डिंग न करता दार लावून बघा. फटी लिहिलेल्या मापाशी जुळेपर्यंत क्लँप सैल करा, सरकवा, परत आवळा. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची संध्याकाळ हीच. इथे घाई केली तर पुढे कुठलाही रंगारी ती फट लपवू शकत नाही.

माप जुळलं की मिग वेल्डरने भोकं भरत प्लग वेल्ड करा. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. ०.६ किंवा ०.८ ची तार वापरा आणि एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक असं पाळीपाळीने करा. सलग ओढत गेलात तर उष्णतेने पत्रा वाकतो. दर चार-पाच वेल्डनंतर दार लावून बघा. सगळं थंड झाल्यावर सांध्यांना सीम सीलर भरा आणि रंगानंतर सिलच्या पोकळीत लांब नोझलने मेण फवारा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि कोकणात खारी हवा असते. दोन्हीकडे हे मेण दर एक-दोन वर्षांनी परत लागतं.

पत्रा फारच गेला असेल तर नवी हेरिटेज बॉडी घेणं शेवटी स्वस्त पडू शकतं. वेल्डिंगचे तास मोजून मग ठरवा.

ब्रेक आणि सस्पेन्शन

पुढे १०.७५ इंची डिस्क आणि मागे ड्रम. ही मूळ मांडणी १२०-१३० अश्वशक्तीपर्यंत पुरते, फक्त ती नव्यासारखी हवी. कॅलिपरचे पिस्टन स्टेनलेसचे घाला, रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या लावा, तांबं-निकेलचे पाइप ओढा, डॉट ४ तेल भरा आणि जलद रस्त्यासाठीचे चांगले पॅड बसवा. सुरुवातीच्या ब्रिटिश गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट होतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. वेगवान गाडी बांधताय तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर घालणं हे मी पर्यायात धरत नाही, ते करायचंच.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये एक गंमत आहे. मूळ लीव्हर-आर्म शॉकअब्सॉर्बरचा दांडा हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा वरचा हात. तो गळत असला तरी बरेच जण नवं तेल ओतून पुढे जातात, पण आतली बुशिंग झिजली असतील तर चाकाचा कोनच डगमगतो. चांगल्या ठिकाणाहून दुरुस्त केलेले लीव्हर-आर्म रस्त्यासाठी पुरेसे असतात. ट्रॅकवर जाणार असाल तर टेलिस्कोपिक किट घ्या. खालच्या विशबोनला एमजीबी जीटी व्ही-८ ची धातूची नळी असलेली बुशं घाला. कमी पैशांत इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. पुढचा अँटी-रोल बार पाऊण इंचाच्या आतबाहेर जाड घ्या, त्याहून जाड नको, नाहीतर पुढची चाकं लवकर पकड सोडतात. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनना दर ३,००० मैलांनी ग्रीस लागतं, आणि ते देताना गाडीचं वजन चाकांवर नको.

मागे पाटे आहेत. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अ‍ॅक्सल पिळवटून उड्या मारतो. नवे पाटे, नवी बुशं आणि ताकद वाढली तर अँटी-ट्रॅम्प बार, एवढ्यावर काम होतं. तारांची चाकं देखणी असतात, पण ताकद वाढली की मी बोल्टची मिनिलाइट पद्धतीची साडेपाच इंच रुंद चाकं घेईन. खुद्द कारखान्यानेही आपल्या व्ही-८ ला तारांची चाकं दिली नव्हती. तारांच्या चाकांचा अ‍ॅक्सल अरुंद असतो, त्यामुळे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना माप आधी घ्या. सगळं बसल्यावर पुढचं टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून जितकी आत वळलेली असतात ते माप, एक सोळांश ते तीन बत्तिसांश इंचावर लावा.

वायरिंग

जुनी वायर ठिगळं लावत वापरू नका. वेष्टण लावलेला पूर्ण नवा हार्नेस मिळतो, तो टाका. हेडलाइटला रिले द्या, म्हणजे स्विच तापत नाही. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेताना हे बघा, नाहीतर ते पहिल्या चावीलाच जळतं.

इंजिन

आता कुठे इंजिन. लोखंडी हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून दोनच इनलेट पोर्ट आहेत, शेजारच्या दोन सिलिंडरना एक. या इंजिनाची मर्यादा इथेच आहे, म्हणून पैसा सगळ्यात आधी हेडवर लावा. पोर्ट कुठून आणि किती मोकळे करायचे हे जाणकाराचं काम आहे. स्वतः ग्राइंडर घेऊन बसू नका. १९७० च्या दशकातल्या १८व्ही इंजिनांच्या हेडमध्ये इनलेट व्हॉल्व्ह १.५६ ऐवजी १.६२५ इंचाचा होता, तोच ठेवायला सांगा. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं, म्हणून एक्झॉस्टला कडक सीट हवीतच.

ब्लॉक बोअर करताना रेबोअरनंतरचं कॉम्प्रेशन हिशेबाने काढा, अंदाजाने नको. मूळ बोअर ८०.२६ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. चाळीस थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे एक मिलिमीटरभर बोअर वाढवला की तो ८१.२८ होतो, एका सिलिंडरचं आकारमान ४६१ सीसी आणि इंजिन १८४५ सीसीचं. ९.५ कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वर असताना उरणारी सगळी जागा ४६१ ला ८.५ ने भागून ५४ सीसी यायला हवी. यात हेडचा खळगा, गॅस्केटची जाडी, पिस्टनवरची वाटी आणि पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून जितका खाली राहतो ती जागा, असं सगळं धरायचं. हेडच्या खळग्याच्या कडेला ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकची काच ठेवा आणि तिच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडून चारही खळगे मोजा. मग हेड किती तासायचं ते सांगणं सोपं जातं. ९.५ ला ब्रिटनमधलं ९७-९९ ऑक्टेनचं पेट्रोल लागेल.

क्रँक, फ्लायव्हील, क्लच आणि पुढची पुली एकत्र बॅलन्स करा. फ्लायव्हील थोडा हलका केला तर इंजिन चटकन फिरतं. टायमिंग चेन दुहेरीच घ्या. रस्त्यावर रोज हसत चालवायची गाडी हवी असेल तर मवाळ फास्ट-रोड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) निवडा. शर्यतीचा कॅम ३,००० आरपीएमच्या खाली रुसतो. कॅम बसवताना डिग्री डिस्क लावून बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर तो जुळवा. नुसत्या टायमिंगच्या ठिपक्यांवर विसंबू नका, हेड आणि ब्लॉक तासल्यावर सगळी मापं सरकलेली असतात. मेन बेअरिंगचे बोल्ट ७० फूट-पौंड, हेडचे नट ४५ ते ५०, तेही क्रमाने आणि तीन टप्प्यांत. मूळ कॅमला टॅपेटची फट ०.०१५ इंच, बदललेल्या कॅमला त्याच्या कागदावर असेल तेवढं.

याच्या जोडीला लाँग-सेंटर-ब्रांच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि दीड इंचीऐवजी पावणेदोन इंची एसयू लावले की चांगलं बांधलेलं इंजिन १२०-१३० अश्वशक्तीपर्यंत जातं. ९२० किलोच्या गाडीला ही ताकद मनसोक्त आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, भारतात तर ई-२०.

व्ही-८ चा विचार

१९७३ ते १९७६ मध्ये कारखान्याने ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही-८ घालून १३७ अश्वशक्तीच्या २,५९१ जीटी बनवल्या. हे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे वजनाला मूळ लोखंडी इंजिनाच्या जवळपासच आहे, म्हणून पुढचा भाग जड होत नाही. बदल करता येतो, पण त्यासोबत मोठे ब्रेक, बदललेलं रेडिएटर-पंखे, वेगळा अ‍ॅक्सल रेशो आणि मजबूत गिअरबॉक्स हे सगळं येतं. सिल आणि ब्रेक पूर्ण झाले नसताना व्ही-८ घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चार सिलिंडरवरच राहणार असाल तर ओव्हरड्राइव्ह असलेला मूळ गिअरबॉक्स जपा. मोटारवेवर आरपीएम खाली आणायला तो पुरतो. तो नसेल तर फोर्ड टाइप ९ किंवा माझदा एमएक्स-५ चा पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचे किट मिळतात.

पहिली चावी आणि नंतर

प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून स्टार्टर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावा. इंजिन पेटल्याबरोबर २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत ठेवा. मंद फिरू देऊ नका. या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांना उडणाऱ्या तेलावरच वंगण मिळतं, आणि नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांशी याच वीस मिनिटांत बसतात. जस्त असलेलं २०डब्ल्यू-५० तेल वापरा. पाणी, तेल आणि पंखा यांवर एकाने लक्ष ठेवावं, एकाने अ‍ॅक्सिलरेटरवर.

कार्ब्युरेटर इंजिन गरम झाल्यावरच लावायचे. डॅशपॉटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात, डँपरचं तेल भरा. दोन्ही कार्ब्युरेटरमधली सांधणी सैल करा आणि रबरी नळी कानाला लावून दोन्हीकडचा हवेचा सूं आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. मग मिश्रण. बाजूची बारीक पिन दाबून पिस्टन मिलिमीटरभराहून कमी उचला. आरपीएम वाढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, लगेच पडून इंजिन बंद पडायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून परत मूळ जागी आलं तर बरोबर. जेटखालचा नट एका वेळी एकच चपटी बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, फिरवा आणि दरवेळी दुसरा कार्ब्युरेटरही तपासा, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. हे सगळं रस्त्यापुरतं. कार्ब्युरेटरची खरी निडल (सुई) आणि ठिणगी किती आधी पडावी याचा आलेख रोलिंग रोडवरच, म्हणजे गाडी रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावरच ठरतो, आणि तिथे इंजिन रन-इन झाल्यावर जा.

पहिले ५०० मैल ३,५०० च्या वर जाऊ नका, पण एकाच वेगात रेंगाळूही नका. रिंगा बसायला ताण कमी-जास्त व्हावा लागतो. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदला. थंड इंजिनावर हेडचे नट परत टॉर्क करा आणि टॅपेट पुन्हा मोजा. हेड दबल्यामुळे ते बदललेले असतातच. सस्पेन्शनचे सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, ब्रेकच्या सांध्यांवर कोरडं कापड फिरवून गळती बघा आणि पुढचं टो-इन परत तपासा, कारण नवे पाटे आणि स्प्रिंगा आता बसलेल्या असतात. मग रोलिंग रोडची वेळ घ्या.